डोंगर नसलेलं चित्र

(जुन्या अकरावीच्या १९७४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, "तू हॉलंडला लेकीकडे तीन महिने राहून आलास, त्यावर वीस मिनिटं बोल." मग जरा थांबून म्हणाले, "ट्यूलिपचं सांग, लोकांना आवडतं." ट्यूलिप मी पाहिले. छान असतात. त्याहून जास्त मला सांगता येणार नाही. मी बोलणार आहे ते तिथल्या एका जुन्या धंद्याबद्दल. तो माझ्या धंद्याचा लांबचा भाऊ लागतो. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडनं चित्र काढायचं आणि ते कागदावर छापायचं, त्याला एचिंग म्हणतात. आणि एचिंगमधलीही फक्त निसर्गचित्रं. विषय ऐकून कुणाला चहाला उठायचं असेल तर आत्ताच उठा. मध्येच उठलात तर मला वाईट वाटेल.

निसर्गचित्र म्हटलं की तुम्हाला आपले चित्रकलेचे सर आठवले असतील. आठवीत असताना एकदा सरांनी सांगितलं, "निसर्गचित्र काढा." वर्गातल्या सगळ्यांनी एकच चित्र काढलं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून वर येणारा अर्धा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड. सरांनी सगळ्या वह्या पाहिल्या आणि विचारलं, "यातला डोंगर कुणी कुणी पाहिलाय?" जोतिबाच्या सहलीला गेलेल्या दोघांनी हात वर केले. बाकीच्यांनी डोंगर पाहिलेलाच नव्हता. आपल्या तालुक्यात डोंगर नाही आणि नारळाचं झाड तेव्हा गावात एकही नव्हतं. सर आम्हाला शाळेच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेले. पलीकडे काळं रान, त्यात ज्वारी, एक विहीर, विहिरीवर तीन कडुनिंब, आणि मग आभाळ लागेपर्यंत काही नाही. सर म्हणाले, "हे काढा." मी म्हणालो, "सर, यात काढण्यासारखं काहीच नाही." सर रागावले नाहीत. म्हणाले, "बरं, उद्या परत बघ."

उद्या मी काही परत बघितलं नाही. ते बघायला मला पन्नास वर्षं लागली, आणि जागाही भलतीच निघाली.

माझी लेक आम्स्टेलवेनला राहते, आम्स्टरडॅमला लागूनच. तिथे आपली माणसं इतकी आहेत की गणपतीत आरतीला ढोलकी शोधावी लागत नाही. लेक-जावई कामावर गेले की मी आम्स्टेल नदीच्या काठानं चालायला जायचो. नदी म्हणजे आपल्या उजनीच्या मोठ्या कालव्यासारखी, कडेनं रस्ता, रस्त्यापलीकडे नदीपेक्षा खाली असलेली कुरणं, त्यात गाई. आणि सपाट. किती सपाट म्हणाल तर चार-पाच मैलांवरच्या चर्चचा मनोरा दिसतो, कारण मध्ये आड यायला काही नाही. पहिल्या आठवड्यात मी लेकीला म्हणालो, "अगं, इथे बघण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज चालता त्या रस्त्यानं रेम्ब्रांट चालायचा."

मी तिला म्हणालो, रेम्ब्रांट म्हणजे तेलरंगातले मोठमोठे चेहरे. तो या कुरणांत काय करत होता? तिथून हे सगळं सुरू झालं.

आधी धंद्याचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, अकरावीनंतर मी पुण्याला एका ब्लॉकमेकरकडे लागलो. तेव्हा छपाई खिळ्यांची. मजकुरात चित्र घालायचं तर त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागे. चित्राच्या रेघा जस्तावर झाकायच्या आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचा; उघडं जस्त खाल्लं जातं, रेघा उंच उभ्या राहतात. त्या उंच रेघांना शाई लागते. एचिंगमध्ये नेमकं उलटं. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा, काजळी धरून तो काळा करायचा, आणि सुईनं चित्र काढायचं. सुई फक्त मेण खरवडते, खाली तांबं चमकतं. मग ॲसिड. जिथे रेघ आहे तिथेच तांबं खाल्लं जातं. मेण पुसून टाकायचं, शाई चोळायची, कापडानं आणि शेवटी तळहातानं पुसायची. वरची शाई निघते, रेघेतली राहते. वर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. यंत्र आपल्या रसवंतीच्या चरकाचंच भावंड. कागद रेघेत शिरतो आणि शाई उचलून आणतो.

त्या काळचं ॲसिडही आमच्यासारखं जहाल नव्हतं. अब्राहाम बॉस नावाच्या फ्रेंच कारागिरानं १६४५ साली या धंद्यावर पुस्तक लिहिलं, त्यात एक कृती आहे: सिरका, नवसागर, मीठ आणि जंगाल. नवसागर म्हटल्यावर मला आपला कल्हईवाला आठवला. तोच पांढरा धूर, तोच नाकाला झोंबणारा वास.

आता यातली खरी गंमत ऐका. रेघ बारीक हवी की जाड, हे सुईच्या जोरावर फारसं ठरत नाही. ते ॲसिडमधल्या वेळावर ठरतं. पत्रा थोडा वेळ ॲसिडमध्ये ठेवायचा, बाहेर काढायचा, दूरच्या मनोऱ्याच्या रेघांवर व्हार्निश लावून त्या बंद करायच्या, आणि पुन्हा सोडायचा. मधल्या झाडांचं झालं की ती बंद. शेवटी जवळचं गवत आणि कुंपण तेवढं उरतं. म्हणजे चित्रातलं लांब आणि जवळ हे घड्याळावर ठरवायचं. बुरिन नावाच्या हत्यारानं तांबं कोरायचं तर वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागते, हत्यार ढकलावं लागतं. सुई मात्र पेन्सिलीसारखी पळते. म्हणून गवत, फांद्या, पाण्यावरची लहर काढायची तर चित्रकाराला एचिंग सोयीचं. आणि आमच्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक. त्यांचं ॲसिड जास्त झालं तर रेघ जाड होते. आमचं जास्त झालं तर बारीक रेघ बाजूनं पोखरली जाते आणि नाहीशीच होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी शेवटी तिच्याकडे परत येणार आहे.

तर त्या सपाट देशातले चित्रकार आधी काय काढत होते? डोंगर! सोळाव्या शतकात त्या भागातलं निसर्गचित्र म्हणजे उंचावरून पाहिलेले कडे, दऱ्या, आणि कुठेतरी कोपऱ्यात एखादा संत. आपल्या वर्गासारखंच. अपवाद होते. अँटवर्पमध्ये हिरोनिमस कॉक या प्रकाशकानं १५५९ आणि १५६१ मध्ये आसपासच्या खेड्यांची साधी चित्रं छापली. झोपड्या, चिखलाचा रस्ता, कुंपण, बस. चित्रं ज्यानं काढली त्याचं नावही त्यावर नव्हतं. पन्नास वर्षांनी, १६१२ मध्ये, आम्स्टरडॅमच्या क्लास यान्स फिस्खरनं त्यांच्या नकला काढून छापल्या आणि वर ब्रॉयगल या मोठ्या चित्रकाराचं नाव टाकून दिलं. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते इथे गुरुजनांसमोर सांगत नाही.

पण याच फिस्खरनं त्याच सुमारास स्वतःच्या हातानं एक काम केलं, त्यासाठी मी त्याचं हे पाप माफ करतो. हार्लेम गावाच्या आसपासच्या जागांची त्यानं बारा पानांची एक मालिका एचिंगमध्ये केली. नाव काय, तर 'रम्य स्थळं'. आणि स्थळं कोणती? समुद्रकाठचा जहाजांना खूण दाखवणारा दिवा. वाटेवरची खाणावळ. ढगाखाली गवतावर कापड पसरून ठेवलेली धुलाईची मैदानं. आणि एका वाड्याचे पडके अवशेष. ज्यांना लांब प्रवासाला जायला सवड नाही अशा रसिकांनी घरबसल्या ही ठिकाणं पाहावीत, अशा अर्थाचं त्यानं सुरुवातीच्या पानावर लिहून ठेवलं.

तो पडका वाडा महत्त्वाचा आहे. स्पेनच्या राजाशी या लोकांची लढाई चालू होती. १५७२-७३ च्या हिवाळ्या-उन्हाळ्यात स्पॅनिश सैन्यानं हार्लेमला सात महिने वेढा घातला, त्यांच्या सेनापतीचा मुक्काम या वाड्यात होता. गाव पडलं. आसपासची झाडी गेली. मग १६०९ मध्ये बारा वर्षांचा तह झाला. तह झाल्यावर लोक वेशीबाहेर पडले, वाळूच्या टेकड्यांपर्यंत पायी फिरायला लागले, आणि नेमक्या याच वर्षांत वेशीबाहेरच्या रस्त्यांची, झोपड्यांची, गाईंची ही चित्रं येऊ लागली. मला हे फार पटलं. जी जमीन हातची गेली होती आणि परत मिळाली, ती बघावीशी वाटणारच. त्यात डोंगर असलाच पाहिजे असं कुणाला वाटेल?

हार्लेममध्ये तेव्हा एसायस फान दे फेल्दे होता, बाउतेवेख होता, आणि एसायसचा नातलग यान फान दे फेल्दे. हा यान एका नामांकित सुलेखनकाराचा मुलगा, त्यामुळे रेघ त्याच्या रक्तात. त्यानं महिन्यांची, ऋतूंची, दिवसाच्या प्रहरांची शेकडो चित्रं केली. मला त्यातला एसायस सगळ्यात आवडला. त्यानं क्षितिज खाली आणलं. उंचावरून बघणं सोडलं आणि रस्त्यावर उभ्या माणसाला जेवढं दिसतं तेवढंच काढलं. पानाचा वरचा निम्म्याहून जास्त भाग रिकामं आभाळ. आपल्याला सर म्हणायचे ना, "आभाळ निळ्या खडूनं भरू नका, ते आधीच आहे," तसं.

आता मला तुमच्यापुढे एक अडचण कबूल केली पाहिजे. इथवर गोष्ट सोपी होती: खोटे डोंगर सोडा, समोरचं काढा. पण या सगळ्यात मला ज्यानं खरं हलवलं तो माणूस आयुष्यभर डोंगरच काढत राहिला.

हर्क्युलिस सेगर्स. जन्म १५९० च्या आसपासचा, हार्लेमचाच. त्याच्या एचिंगची पन्नासहून थोडीच अधिक चित्रं आज माहीत आहेत, आणि सगळे ठसे मिळून दोनशेही भरत नाहीत. त्यांचा सगळ्यात मोठा संग्रह आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. लेकीनं ईमेल करून वेळ घेतली आणि आम्ही तिथल्या अभ्यासिकेत गेलो. हात धुऊन बसायचं, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. समोर एक ठसा ठेवला गेला. ओसाड दरी, झिजलेले खडक, सुकून गेलेलं झाड, माणूस शोधून काढावा लागतो. असा मुलूख त्या देशात कुठेही नाही. मी खिशातलं भिंग काढलं, ब्लॉकमेकरची सवय, आणि दहा मिनिटं मला कळेचना की त्यानं हे छापलं कसं. शाई काळी नव्हती, निळसर होती. कागद आधी रंगवलेला. काही ठसे तर कापडावर घेतलेले. छापून झाल्यावर पुन्हा ब्रशनं रंग. एकाच पत्र्याचे दोन ठसे शेजारी ठेवले तर एकात पहाट आणि दुसऱ्यात संध्याकाळ. छपाई म्हणजे सगळे ठसे सारखे आले पाहिजेत, नाहीतर गिऱ्हाईक परत पाठवतं, हे आम्ही शिकलो. हा माणूस मुद्दाम एकही सारखा येऊ देत नव्हता. ब्रशनं काढलेल्या रेघा ॲसिडनं खायला लावण्याची एक युक्तीही त्यानं शोधली होती. ती पुढे शंभराहून जास्त वर्षांनी दुसऱ्यांना नव्यानं शोधावी लागली.

गिऱ्हाईक अर्थातच नव्हतं. १६१९ मध्ये त्यानं आम्स्टरडॅमच्या लिंडेनग्राख्टवर मोठं घर घेतलं, १६३१ मध्ये कर्जापायी विकलं. एका मोठ्या जहाजाचं चित्र केलेला पत्रा त्यानं कापून त्याचे तुकडे पुन्हा वापरले. नीट घासायलाही सवड नसावी, कारण त्या तुकड्यांवरच्या डोंगरांच्या आभाळात आजही जहाजाच्या दोरखंडांच्या जाळ्या दिसतात. मी त्या दोऱ्या भिंगातून पाहिल्या. तांबं महाग असतं हो. आमच्या दुकानात जस्ताचा कोपरा वाया गेला तर मालक आठवडाभर बोलायचा. सेगर्स गेल्यावर चाळीसेक वर्षांनी होखस्त्रातन या चित्रकारानं लिहून ठेवलं की त्याचे ठसे लोणी आणि साबण गुंडाळायला गेले. लिहिणाऱ्यानं थोडं तिखटमीठ लावलं असेल, पण दोनशेसुद्धा ठसे उरले नाहीत हे खरंच आहे.

आणि आता ही गोष्ट ऐका. सेगर्सनं एक एचिंग आपल्या लिंडेनग्राख्टच्या घराच्या खिडकीतून काढलं. समोरची घरं, पलीकडे नवीन बांधलेलं चर्च. नंतर रोटरडॅमच्या बोयमन्स संग्रहालयात असलेल्या एका तैलचित्रात त्यानं त्याच घरांची रांग उचलून एका भयाण खडकाळ दरीत नेऊन ठेवली. गल्ली स्वतःची, डोंगर मनातले. मला आमची झोपडी आठवली, डोंगराखालची. कदाचित आमच्यातही कुणी स्वतःचंच घर तिथे काढलं असेल, आणि सरांनीही ते ओळखलं नसेल.

सेगर्सची किंमत एका माणसाला कळली होती. रेम्ब्रांटची मालमत्ता १६५६ मध्ये दिवाळखोरीत मोजली गेली, तेव्हा त्याच्याकडे सेगर्सची आठ चित्रं निघाली. सेगर्सचा एक तांब्याचा पत्राही त्याच्या हाती आला होता. त्यावर टोबियास आणि देवदूत रस्त्यानं चाललेले होते. रेम्ब्रांटनं त्या दोघांना घासून काढलं, तिथे गाढवावर बसून इजिप्तला निघालेलं येशूचं कुटुंब घातलं, आणि सेगर्सचा मुलूख जवळपास जसाच्या तसा ठेवला. देवदूताचा मोठा पंख पूर्ण निघाला नाही. नव्या झाडीत त्याच्या खुणा अजून दिसतात. दुसऱ्याचा ब्लॉक घासून वापरणं हे आम्हीही केलंय, पण मागच्या माणसाचं इतकं काही शिल्लक राहू देण्याचं धाडस आम्हाला झालं नसतं.

रेम्ब्रांटच्या एचिंगची एकूण संख्या तीनशेच्या आसपास. त्यात निसर्गचित्रं पंचवीसएक, बहुतेक सगळी १६४० ते १६५२ या बारा वर्षांतली. तो घरातून निघून वेशीबाहेर जायचा, आम्स्टेलच्या बंधाऱ्यावरून चालायचा. १६४५ चं एक चित्र आहे, 'ओम्वाल'. नदीचं वळण, नदीकडे तोंड करून उभा असलेला टोपीवाला माणूस, आणि डावीकडे जुन्या वाकड्या झाडाच्या सावलीत, एकदम दिसणार नाही असं, एक जोडपं. त्या वळणावर आता काचेचा उंच मनोरा आहे आणि त्याचं नाव रेम्ब्रांट टॉवर. मी रोज त्याच्याकडे पाहत चालायचो.

त्याच वर्षीचा 'सिक्सचा पूल'. आकार साधारण १३ सेंटिमीटर गुणिले २२. एक लाकडी पूल, त्यावर दोन माणसं, दोन काटकुळी झाडं, मागे शिडं, आणि लांब चर्चचा मनोरा. रेघा मोजता येतील इतक्या कमी. यावर एक कथा सांगतात. रेम्ब्रांट आपला मित्र यान सिक्स याच्याकडे जेवायला गेला, जेवताना मोहरी संपल्याचं लक्षात आलं, नोकर गावात आणायला धावला, आणि तो परत येईपर्यंत मी चित्र पूर्ण करतो अशी पैज लावून रेम्ब्रांटनं हे केलं. कथा अठराव्या शतकातली आहे, म्हणजे शंभर वर्षांनी रचलेली. विसाव्या शतकात फ्रिट्स लुख्त नावाच्या अभ्यासकानं रेम्ब्रांटची चित्रं घेऊन अक्षरशः पायी फिरून एकेक जागा शोधली आणि १९१५ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यानं दाखवलं की ही जागा सिक्सची नव्हेच, आम्स्टेलकाठच्या दुसऱ्याच कुणाच्या वाडीजवळची आहे. लांबचा मनोरा आउडरकर्कचा. म्हणजे माझ्या रोजच्या वाटेवरचा. मी त्या दिशेनं उभा राहून पाहिलं, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी माझ्यासारख्याला आधीच लक्षात यायला हवी होती. छापलेलं चित्र उलटं असतं! पत्र्यावर उजवीकडे काढलेलं कागदावर डावीकडे येतं. रेम्ब्रांटनं जागेवर जसं दिसलं तसं सरळ पत्र्यावर काढलं की छापल्यावर गाव आरशातलं व्हायचं. आम्स्टरडॅमचा देखावा, हार्लेमचा देखावा, दोन्ही असे उलटे आहेत. त्याला ते सुधारावंसं वाटलं नाही.

हार्लेमचा तो देखावा १६५१ चा. वाळूच्या टेकडीवरून खाली पसरलेली शेतं, कापड वाळत घातलेल्या पट्ट्या, क्षितिजावर मोठं चर्च. मध्ये जी वाडी दिसते ती क्रिस्टोफेल थाइस नावाच्या माणसाची. रेम्ब्रांटनं १६३९ मध्ये १३,००० गिल्डरना घर घेतलं होतं, आणि त्याचे पैसे याच थाइसला द्यायचे राहिले होते. तर ज्याचं देणं थकलंय त्याची जमीन. काढताना मनात काय असेल? मला ते चित्र पाहताना कर्ज कुठेच दिसलं नाही, फक्त लांबच लांब जमीन दिसली. दिवाळं पाच वर्षांनी निघालं.

आणि 'तीन झाडं', १६४३. बायको सास्किया वारली त्याच्या पुढच्या वर्षीचं. एफोर कागद आडवा धरलात तर जवळपास तेवढंच. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं आभाळासमोर उभी. डावीकडे पट्टीनं मारल्यासारख्या तिरक्या रेघांचा पाऊस. खाली दूरवर सपाट कुरणं आणि शहराची रेषा. काठावर एक माणूस गळ टाकून बसलाय, शेजारी त्याची बायको. झुडपात इथेही एक जोडपं लपलेलं. आणि अगदी उजवीकडे, चढाच्या माथ्यावर, मुंगीएवढा एक माणूस पाठ करून बसलाय आणि चित्र काढतोय. तो झाडांकडे बघत नाहीये, वादळाकडेही नाही. चित्राच्या बाहेर, आपल्याला न दिसणाऱ्या कशाकडे तरी बघतोय. रेम्ब्रांटच्या घरात आता संग्रहालय आहे, तिथे एचिंग छापून दाखवतात. त्या शाईच्या वासात उभं राहून मी या मुंगीएवढ्या माणसाकडे बराच वेळ पाहत होतो. लेकीनं विचारलं, "बाबा, काय झालं?"

त्यानंतरच्या लोकांचं थोडक्यात सांगतो, वेळ संपत आलीय. याकोब फान राउस्डालनं तरुणपणी तेराच एचिंग केली, झाडांची मुळंच बघत राहावीत अशी, आणि मग हा धंदा सोडून तैलचित्रांकडे गेला. वाटर्लोनं जंगलातल्या वाटांची शंभराहून जास्त चित्रं केली. दहा पाहिली की शंभर पाहिल्यासारखी वाटतात, हे माझं मत. एव्हर्दिंगन १६४४ मध्ये नॉर्वे-स्वीडनला गेला आणि येताना कडे, देवदार आणि धबधबे घेऊन आला. लोकांनी ते इतके उचलून धरले की राउस्डालही धबधबे रंगवायला लागला, आणि तो नॉर्वेला कधी गेलेलाच नव्हता. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत डोंगर परत आले! आपल्या वर्गानं फार वाईट वाटून घ्यायला नको.

आता मी सांगितलेली ती गोष्ट, ॲसिड जास्त झाल्याची.

१९८१ साली सरांनी मला पुण्याला एक पाकीट पाठवलं. आत काळ्या शाईनं काढलेलं चित्र होतं, जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर. शाळेच्या मागची विहीर, तीन कडुनिंब, आणि त्यामागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसासारखी बारीक रेघ, आपल्या रानाची. शाळेच्या वार्षिक अंकासाठी ब्लॉक करून हवा होता. मी तो स्वतः केला. मे महिना, ॲसिड तापलेलं, हाताखाली दुसरी तीन कामं. रेघांच्या कडा राखायला जी लाल पूड लावतात ती मी घाईत नीट भाजली नाही, आणि पत्रा विसरलो. काढला तेव्हा झाडं शाबूत होती, विहीर होती, मागची रेघ गेली होती. दुसरा करायला हवा होता. मी केला नाही, तसाच पाठवला. अंकात तीन झाडं अधांतरी उभी असलेली छापून आली. सरांचं कार्ड आलं: अंक मिळाला, झाडं छान आली आहेत. रेघेबद्दल एक अक्षर नाही.

मूळ चित्र मी परत पाठवणार होतो. ते दुकानाच्या कपाटात राहिलं, आणि ऑफसेट आल्यावर दुकान बंद झालं तेव्हा कपाटातल्या कागदांबरोबर रद्दीत गेलं. सर असेपर्यंत मी त्यांना हे सांगितलं नाही. त्यांच्या घरची मंडळी आज इथे आहेत, त्यांच्यासमोर सांगतो.

ब्लॉक मात्र शाळेनं मला परत पाठवला होता, तो माझ्याकडे राहिला. सोबत आणला आहे. पलीकडच्या खोलीत टेबलावर ठेवलाय, शाई, रूळ आणि कागदही आहेत. जेवणानंतर मी तिथे बसेन, ज्याला हवा त्याला एक ठसा काढून देईन. मागच्या भिंतीपलीकडे आता प्लॉट पडलेत, विहीर बुजवली आहे, पण दोन घरांच्या मधून बघितलं तर रान अजून दिसतं. टेबलावर एक बारीक पेन ठेवलंय. ती रेघ जाऊन बघा आणि ज्यानं त्यानं आपल्या ठशावर काढून घ्या.